डावीकडची गाठ

इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून कुणी मेंढरं वळवतं का? मायाप्पा कोळेकर वळवत होता. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, तोंडाशी फोन. आणि त्या फोनमध्ये तो असा काही ओरडला, की औषधांच्या रांगेतली माणसं दचकून मागं वळली.

"हुर्र्र्याऽऽ हाऽऽ!"

आवाज कसला, जात्यात खडा सापडावा तसली खरखर. पलीकडे आटपाडीच्या माळावर त्याची बायको बायडाक्का फोन उंच धरून उभी होती. धन्याची हाक ऐकली आणि मेंढरांची अख्खी खांड मुकाट जाळीच्या कुंपणात शिरली. गळ्यातल्या घंटा फोनवरून इथवर ऐकू आल्या. रांगेतली माणसं हसली. मायाप्पाही हसला, मग खोकला, आणि खोकता खोकता घसा धरून बसला. घशात उजव्या बाजूला कॅन्सर होता, त्यासाठीच तो मिरजेला आला होता.

आतल्या खोलीत संगणकावर बसलेली पद्मजा चौगुले कपाळाला आठ्या घालून उठली. "धड काम करू देतील तर शपथ!" असं म्हणत तिनं दार लावून घेतलं.

तिथंच सगळं चुकलं, असं तिला नंतर वाटायचं. बटण दाबलं तेव्हा नव्हे, दार लावलं तेव्हाच.

त्या इस्पितळात गळे छापत. हसू नका, खरंच छापत. माणसाच्या स्वरयंत्रात दोन नाजूक घड्या असतात. फुप्फुसातली हवा वर येते, घड्या थरथरतात, आणि आवाज निघतो. घडी जाड की पातळ, ताठ की सैल, तिच्यावर कुठं काय खरबरीत आहे, यावर कुणाचा आवाज कुणाचा हे ठरतं. पूर्वी घशाचा कॅन्सर पसरला की स्वरयंत्रच काढून टाकावं लागे आणि माणूस हातवाऱ्यांवर येई. आता रुग्णाच्याच पेशी घेऊन त्या वाढवत, त्यांची दाट खळ करत, तिला सगळे जिवंत शाई म्हणत. प्रिंटर ती शाई केसाहून पातळ थरांत एकावर एक घालत जाई. थर एकजीव झाले, की तयार झालेलं स्वरयंत्र रुग्णाच्या गळ्यात बसवत.

पण प्रिंटर म्हणजे गाढव, असं पद्मजा नव्या पोरींना सांगायची. पाठीवर लादाल ते वाहील. काय लादलंय म्हणून विचारणार नाही. त्यामुळे खरं काम फाइलचं. स्कॅनमधून गळ्याचा आकार येतो तो इवल्याइवल्या त्रिकोणांच्या जाळ्यात. हे जाळं कुठं फाटलेलं असतं, कुठं उलटं झालेलं, कुठं एकात एक अडकलेलं. ती भोकं बुजवायची, इतकी, की आत पाणी भरलं तर थेंब गळू नये. रोगट बाजू कापून टाकायची आणि निरोगी बाजूचं आरशातलं प्रतिबिंब तिथं बसवायचं. ओले थर ढासळू नयेत म्हणून खालून टेकू द्यायचे. मग सगळ्या आकाराचे काप पाडायचे आणि गाढवाच्या पाठीवर लादायचे.

पद्मजाचा हात या कामात असा बसला होता, की बाकीचे तिची फाइल उघडून नुसते बघत बसायचे. कुठं ओरखडा नाही, उंचवटा नाही. तांदूळ निवडतानासुद्धा ती एक खडा राहू द्यायची नाही, आई वैतागून म्हणायची, "अगं, भात करायचाय, माळ ओवायची नाही!"

मायाप्पाची फाइल देताना डॉक्टर सुनेत्रा उपाध्ये म्हणाल्या होत्या, "डाव्या घडीवर एक गाठ आहे बघ. कॅन्सरची नाही, साधीच. जन्मभर ओरडून पडलेला घट्टा. ठेवायची का काढायची ते त्यालाच विचार. ऑपरेशननंतर विचारून उपयोग नाही."

पद्मजा त्या गाठीपाशी आली, आणि पडद्यावर नेहमीचा प्रश्न उमटला. 'अनियमित भाग. गुळगुळीत करू?'

तिनं बंद दाराकडं पाहिलं. मायाप्पा पलीकडेच बाकावर होता. उठायचं, दार उघडायचं, विचारायचं, बस. पण दुपारी बाहेरगावची पाहुणे मंडळी यंत्र बघायला येणार होती आणि त्याआधी फाइल लावायची होती. शिवाय मनात आणखी एक होतं, आणि तेच तिला पुढं छळणार होतं. याला काय विचारायचं? याला काय कळणार? गाठ ठेवा म्हणून कुणी सांगतं का?

तिनं 'हो' दाबलं. गाठ गेली. घडी कशी नितळ दिसायला लागली. घाईत वेगळी प्रत ठेवायची राहिली आणि नवी फाइल जुन्या फाइलवरच जतन झाली. मूळ स्कॅन कायद्याप्रमाणे ऑपरेशननंतर पुसायचाच असतो, तो पुसला गेला. मायाप्पाच्या गाठीचा आकार या जगात कुठंच उरला नाही.

मायाप्पाला बोलतं करायचा दिवस आला तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर, नर्सबाया, कॅमेरे. पद्मजा मागं भिंतीला टेकून उभी होती. बायडाक्का खाटेच्या पायथ्याशी, हातात प्रसादाची पुडी घेऊन.

"बोला मामा," डॉक्टर म्हणाल्या. "काहीही बोला."

मायाप्पानं ओठ उघडले. "बिरोबाच्या नावानं चांगभलं."

अहाहा, काय आवाज होता! मऊ, भरदार, रेडिओवरच्या निवेदकाला हेवा वाटावा असा. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक नर्स तर रडायलाच लागली. मायाप्पा स्वतःच चकित होऊन "आं? आं?" करत राहिला आणि प्रत्येक 'आं' सुरात निघाला.

टाळी वाजवली नाही ती फक्त बायडाक्कानं. आवाज कानावर पडताच तिचा हात आपसूक वर गेला आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. परका पुरुष समोर आला की बाई ओढते तसा. ओढल्यावर तिच्या लक्षात आलं, की समोर नवराच आहे. ती ओशाळली, पदर मागं सारला, आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडंतिकडं बघितलं.

पद्मजानं पाहिलं होतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण डॉक्टरांनी तिला पुढं ओढलं, "ही आमची पद्मजा, फाइल हिची!" म्हणून कॅमेऱ्यासमोर उभं केलं, आणि ती हसली. त्या हसण्याचा फोटो बरेच दिवस व्हरांड्यातल्या फळ्यावर होता. तिथून जाताना ती मान वळवून जाऊ लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

पावसाळा सरला आणि कोळेकर नवराबायको पुन्हा आले. या वेळी रुग्ण बायडाक्का होती.

"काय झालं अक्का?" डॉक्टरांनी विचारलं. पद्मजा शेजारी स्कॅनचं यंत्र लावत होती.

बायडाक्काच्या तोंडून खरखर निघाली. शब्द अर्धे घशातच राहत होते. "ओरडून बसलाय. मेंढरांमागं."

"तुम्ही कशाला ओरडता? मामांचा आवाज एवढा छान झालाय."

बायडाक्कानं नवऱ्याकडं पाहिलं. मायाप्पा खाली बघायला लागला.

"छान हाय की," ती म्हणाली. "पन मेंढरास्नी त्यो वळखंना. ह्ये हाक मारत्यात, आन मेंढरं मान वर करून बगत्यात, कोन पावना आलाय म्हनून. जुन्या आवाजाचा एक व्हिडिओ व्हता फोनात, त्यो लावला. चार दिस फसली. मग फोनाफुडं येऊन हुंगून माघारी जायला लागली. हुशार असत्यात वो."

"सवय होईल त्यांना," डॉक्टर म्हणाल्या.

"व्हईल की. पन तवर हमरस्ता थांबतोय व्हय?"

मग तिनं तुटक तुटक सांगितलं. कोकणाच्या वाटेवर हमरस्ता ओलांडायचा होता. हल्लीचे ते विजेचे ट्रक, आवाज ना कसला. निम्मी खांड रस्त्यावर आली आणि वळणावरून ट्रक आला. मायाप्पानं जीव तोडून हाक दिली, मागं फिरा म्हणून. एकही मेंढरू फिरलं नाही. म्होरकी मेंढी गेली, तिच्यामागची गाभण गेली, कोकरं चाकाखाली गेली. बायडाक्का मागून धावत आली, आणि काय सुचलं कुणास ठाऊक, तिनं घसा आवळून नवऱ्याची जुनी हाक मारली. तश्शीच, खरखरीत. उरलेली खांड जागच्या जागी वळली.

"तवापासनं म्याच हाकते," ती म्हणाली. "ह्यांच्या आवाजात. सकाळ-सांज."

मायाप्पाच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि काही बोलला नाही. आपला तो गोड आवाज या वेळी बाहेर काढायची त्याला लाज वाटत असावी.

पद्मजाच्या हातातली तार खाली पडली.

दुसऱ्या दिवशी बायडाक्काचा स्कॅन तिच्या पडद्यावर आला. ठरलं असं होतं, की बायडाक्काच्या घशात झालेली गाठ बारीक शस्त्रानं काढायची आणि त्या जागी जिवंत शाईचं पातळ अस्तर लावायचं. अस्तराची फाइल पद्मजानं करायची. तिनं उजवी घडी पाहिली, नितळ होती. डावीकडं वळली आणि खुर्चीत मागं सरकली.

गाठ डावीकडंच होती. बाजूला कललेली, एका अंगाला जरा चपटी. मायाप्पाची अशीच होती. अगदी तशीच नसेल, पण तीच हाक रोज त्याच जोरानं मारली तर घट्टा त्याच जागी पडणार, यात नवल ते काय? एका घशातून जे तिनं पुसलं, ते दुसऱ्या घशात उगवलं होतं. आणि मधल्या काळात ती मुकी जनावरं चाकाखाली गेली होती.

पडद्यावर तोच प्रश्न उमटला. 'अनियमित भाग. गुळगुळीत करू?'

ती उठली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली. आधी हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, "ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. काय ते बोल."

पद्मजानं सांगून टाकलं. विचारलं नव्हतं. तो बाहेरच बसला होता, तरी विचारलं नव्हतं.

डॉक्टर पेन उघडझाप करायला लागल्या. मग म्हणाल्या, "हे बघ, ऑपरेशन यशस्वी झालंय. कॅन्सर गेलाय. आवाज तर असा आहे, की विचारू नकोस. आता उगाच त्याच्या डोक्यात किडा कशाला सोडतेस? गाठ परत येणार आहे का?"

"नाही."

"मग? बाईची फाइल नीट कर आणि विसरून जा. मीसुद्धा विसरते."

पद्मजा दारापर्यंत गेली आणि थांबली. डॉक्टरांनी विसरायचं कबूल केल्यावर तर तिला जास्तच जड वाटायला लागलं. "मॅडम, मला नाही विसरता येणार," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना."

"त्यांनी तक्रार केली तर?"

"करू देत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जा तर," त्या म्हणाल्या. "आणि तक्रार केलीच, तर माझंही नाव सांग. मीही परत विचारलं नव्हतं तुला."

दोघं त्याच बाकावर बसली होती. मायाप्पा भाकरीचा तुकडा मोडून बायकोला देत होता, आणि गिळताना तिला दुखतंय हे बघून पाण्यात भिजवून देत होता. पद्मजा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. इस्पितळाचा कोट घातलेली बाई अशी जमिनीवर बसलेली बघून मायाप्पा गडबडला. "आवो ताई, वर बसा की!"

"मामा, आधी ऐका. तुमच्या गळ्यात एक गाठ होती. तिच्यामुळं तुमचा आवाज तसा होता. ती ठेवायची का काढायची, हे तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही इथंच बसला होता. मी विचारलं नाही. मी पुसून टाकली. मला वाटलं, तुम्हाला काय कळणार."

मायाप्पानं भाकरी फडक्यावर ठेवली. बायडाक्का पद्मजाकडं टक लावून बघत राहिली. व्हरांड्यातून माणसं येत-जात होती.

"परत बशिवता येती व्हय?" मायाप्पानं विचारलं. त्या सुंदर आवाजात तो प्रश्न ऐकवेना.

"नाही. तिचा नमुनाच राहिला नाही. तोही माझ्याच हातून गेला."

तो शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. द्याव्यात, अशी तिची इच्छाही होती. पण मायाप्पा आपल्या पायांकडं बघत हळूहळू बोलायला लागला.

"खोटं कशाला बोलू ताई, मला ह्यो आवाज ग्वाड लागतो. जत्रंत ओव्या म्हनल्या, लोकं रातभर उठली न्हाईत. हिच्या घशातनं रगत याया लागलं, तरी माझ्या मनात यायचं, आवाज लई झ्याक मिळालाय." त्यानं मान हलवली. "तुमी इचारलं असतं, तर म्याच म्हनलो असतो, काढा ती गाठ. हौसंनं म्हनलो असतो."

पद्मजाला क्षणभर हायसं वाटलं. तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "पन मग ती माझी चूक झाली असती. माझा गळा, माझी मेंढरं, चुकायचं तर म्या चुकलो असतो. हिच्याफुडं कान धरायला मला तेवढं तरी ऱ्हायलं असतं. तुमी तेबी ठेवलं न्हाई बगा."

तो रागावला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. पद्मजाला रडू फुटलं, आणि आपण रडतोय याचीही तिला लाज वाटली.

बायडाक्कानं फडक्याची गाठोडी बांधली आणि उठली. "माझ्या घशात काय हाय त्ये दावा मला," ती म्हणाली.

पद्मजा दोघांना आत घेऊन गेली. या वेळी तिनं दार उघडं ठेवलं. पडद्यावर ती गाठ मोठी करून दाखवली. मायाप्पा पुढं वाकला. "माझी अशीच व्हती?"

"जवळजवळ अशीच."

त्यानं काचेवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

"अक्का, आता तुम्हाला विचारते," पद्मजा म्हणाली. "काढली तर घसा बरा होईल, पण ती हाक पुन्हा निघणार नाही. ठेवली तर हाक राहील, पण थोड्या वर्षांत आवाज पार जाईल. काय करू?"

बायडाक्कानं सवयीनं नवऱ्याकडं पाहिलं. "आवो, तुमी सांगा की."

"म्या न्हाई सांगनार," मायाप्पा म्हणाला. "तुला इचारलंय."

असं कुणी बायडाक्काला आयुष्यात विचारलं नसावं. ती गोंधळून त्या पडद्याकडं, मग आपल्या हातांकडं बघत राहिली. तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. माळावरून तिचा दीर होता. दिवस कलला होता आणि मेंढरं जाळीत जाईनात, हाक मार म्हणत होता.

बायडाक्कानं फोन तोंडाशी धरला. घसा आवळला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मायाप्पानं डोळे मिटून घेतले. पण हाक आली नाही. तिनं घसा सैल सोडला, आणि मग हलकेच, चुलीपाशी बसून लेकराला जेवायला बोलवावं तशी बोलली, "या गं बायांनो. या. घरात या."

आवाज बसलेला होता, पण तिचाच होता. पलीकडं सामसूम. दीर ओरडला, "वैनी, न्हाई वळत!"

"थांब जरा," ती म्हणाली, आणि पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. बऱ्याच वेळानं लांबून एक घंटा वाजली. एकच.

"त्ये धाकटं कोकरू असंल," ती पुटपुटली. "ट्रकाखाली आई गेली त्याची. त्याला म्या बाटलीनं दूध पाजते."

फोन पिशवीत ठेवून ती पद्मजाकडं वळली. "आजवर ह्यांच्याच आवाजात वरडले. माझी हाक बाकीच्यांनी ऐकलीच न्हाई कदी. आता शिकतील. न्हाई शिकली तवर हमरस्त्याच्या अंगाला जायचं न्हाई, आमी माळावरच ऱ्हाऊ." तिनं पदर खोचला. "काढा."

पद्मजानं बोट बटणापाशी नेलं. पडदा वाट बघत होता. तिनं बोट मागं घेतलं.

"अक्का, नक्की काढू?"

"काढा म्हनलं की वं."

पद्मजानं मान डोलावली. आधी वेगळी प्रत ठेवली, ती ठेवली गेलीय का ते उघडून बघितलं. मग पुन्हा बटणाशी आली. डॉक्टर दारात येऊन उभ्या होत्या, मायाप्पा खिडकीतून बाहेर बघत होता, आणि बायडाक्का आता जरा वैतागूनच तिच्याकडं बघत होती.

पद्मजानं तिसऱ्यांदा विचारलं.